अनुभव धागा: कंपनीचा हिवाळी कार्यक्रम, नाशकात तारीख कधी धरायची?

आमच्याकडे अॅन्युअल डेचं घोंगडं दरवर्षी भिजत पडतं. साहेब म्हणतात दिवाळीनंतर बघू, आणि 2026 ला अधिक महिना आल्यामुळे लक्ष्मीपूजनच 8 नोव्हेंबरला, म्हणजे फराळ संपतोय तोवर तुळशीची लग्नं लागणार आणि मग गंगापूर रोडवर एक लॉन रिकामं मिळेल तर शपथ. तुम्ही लोक कधीपासून हलता? खरंखरं लिहा, ब्रोशर नको.

अंबडची एचआर
गणपतीच्या आधी. बजेट मंजूर नसलं तरी टोकन देऊन मोकळी होते, नंतर अकाउंट्सवाले कुरकुरतात ते चालतं. एक लक्षात ठेवा, लॉनवाल्याला लग्नाचं गिऱ्हाईक आपल्यापेक्षा प्यारं, कारण हळदीपासून रिसेप्शनपर्यंत सगळं तिथेच, डेकोरेशन-केटरिंगसकट. आपण एका संध्याकाळचे पाहुणे. त्यामुळे शनिवार-रविवारचा हट्ट सोडा, मुहूर्त नसलेला मंगळवार-बुधवार मागा, मग तो नीट बोलतो.

कालनिर्णयवाला
पौष बघा ना राव! पौषात लग्नं कमी, लॉनवालेच उलट फोन करतात. यंदा पौष 2027 च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागतोय, म्हणजे डिसेंबर अख्खा कार्तिक-मार्गशीर्षातल्या लग्नांचा. संक्रांतीच्या आसपास ठेवा, तिळगूळ वाटा, भाव पण पडतो. फक्त वायनरीकडे जायचं असेल तर वीकेंड टाळा, द्राक्षाचा सीझन सुरू झाला की मुंबईच्या गाड्यांनी तो रस्ता जाम असतो.

सिन्नर प्रॉडक्शन
तारखेपेक्षा वेळेचं बघा आधी. मागे एकदा डिसेंबरात उघड्या लॉनवर सातला सुरुवात ठेवली होती, त्यात वरच्या साहेबांचं भाषण लांबलं, साडेनऊपर्यंत खुर्च्यांवर दव, पुऱ्या गार, बासुंदीवर साय आणि बायका पोरांना शालीत गुंडाळून गेटकडे. निफाडचा पारा पाच-सहावर येतो तेव्हा इकडे काय मजा असते ते तुम्हाला माहितीय. आता चारला सुरू, आठला पंगत, आणि बक्षिसं जेवणाआधी, नाहीतर पब्लिक थांबत नाही.

साउंडवाला दादा
भाऊ, दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद, तेवढं शेड्यूल बनवताना धरा. डीजे, अँकर, जनरेटर, सगळे लग्नात पण तेच असतात, म्हणून लॉनसोबतच आम्हाला पण सांगत जा, आदल्या आठवड्यात नाही. आणि पार्टीत दारू असेल तर एक्साईजचं एक दिवसाचं परमिट आधी काढा. निवडणूक असली तर अजून गंमत, 2024 ला 20 नोव्हेंबरला मतदान होतं, त्या आठवड्यात एका कंपनीची डीलर मीट होती, ड्राय डे लागला आणि डीलर सरबत पिऊन गेले 😄

दोन पोरांची आई
फॅमिली डे ठेवणाऱ्यांनो, डिसेंबरात शाळांची गॅदरिंग असतात!! आमच्या नवऱ्याच्या कंपनीने नेमका त्याच दिवशी ठेवला, लेकीचा नाच सोडून कोण येणार? शाळेचं कॅलेंडर जूनमध्येच मिळतं, एचआरने ते ग्रुपवर मागवून घ्यावं.

धागाकर्ता
हे शाळेचं डोक्यातच नव्हतं. एचआरताई, टोकन परत मिळतं का हो तारीख बदलली तर?

अंबडची एचआर
परत नाही, पुढच्या तारखेला वळवून देतात. पावतीवर लिहून घ्या मात्र, तोंडी नको.