चालवू नका, पिंजऱ्यातच ठेवा

तुमच्या डॅशहुंड कुत्र्याचे मागचे पाय एकाएकी लुळे पडले, मणक्यातली गादी सरकलीय, हे वाचून पोटात कालवलं, आमच्या चिकूचं दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी त्याला रोज थोडं चालवा म्हणालंय, तेवढं मात्र नका करू प्लीज. ऑपरेशनशिवाय बरं करायचं तर निदान चार ते सहा आठवडे पिंजरा, सोफा नाही, जिना नाही, बाहेर काढायचं ते फक्त शू-शीपुरतं आणि तेही पोटाखाली टॉवेलची झोळी धरून. दुखणं कमी झालं की ही पोरं उड्या मारायला बघतात, तेव्हाच जास्त जपायचं.

सगळ्यात अवघड लघवी. चिकूला स्वतःहून होईना, डॉक्टरांनी माझा हात धरून पोटावर कुठे दाबायचं ते दाखवलं, मूत्राशय पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतं हाताला, दिवसातून तीन-चारदा असं दाबून लघवी काढायची. तुंबून राहिलं की इन्फेक्शन होतं.

आणि मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबल्यावर तो वळून बघतो किंवा ओरडतो का हे डॉक्टरांकडून तपासून घ्याच, पाय नुसता मागे घेतला तर ते धरायचं नाही, तो रिफ्लेक्स असतो, म्हणजे न कळता आपोआप होणारी हालचाल. दुखल्याची ती जाणीव गेली असेल तर त्याच दिवशी सर्जन गाठा, थांबू नका. स्टिरॉइड चालू असताना मनाने दुसरी पेनकिलर देऊ नका, पोटात अल्सर होतात.

आमच्याकडे पाचव्या आठवड्यात ताटलीचा आवाज ऐकून शेपटीचं टोक हललं, आई स्वयंपाकघरातून ओरडलीच, "अगं बघ, बघ!"