बाबा विरंगुळा केंद्रात दहा मिनिटंही बसत नाहीत, काय करू?

प्रश्न – नेरूळची लेक

आई गेल्या मार्गशीर्षात गेली. बाबा ७६ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य देवरुखात गेलं. तिथे ओट्यावर बसले की येणारा-जाणारा ‘काय तात्या, जेवलात?’ विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. आता ते माझ्याकडे आहेत, नेरूळला, चौदाव्या मजल्यावर. सकाळी साडेआठला आम्ही सगळे बाहेर पडतो, ते संध्याकाळी सातला परत. परवा घरी आले तर खिडकीत उभे होते. म्हणाले, “आज पामबीचला गाड्या कमी होत्या.” दिवसभरात सांगण्यासारखं एवढंच घडलं होतं. मला गलबलून आलं.

महापालिकेचं विरंगुळा केंद्र घरापासून सात मिनिटांवर आहे. दोनदा नेलं. दोन्ही वेळा दहा मिनिटांत उठले. “सगळे म्हातारे आहेत तिथे. आणि काय बोलतात ते कळतच नाही.” जबरदस्ती करावी का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उत्तर – कचराळीकाठ

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्याच वयाची असशील. मी ७१ वर्षांची, ठाण्यात पाचपाखाडीत एकटी राहते. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परदेशी आहे, रोज फोन करतो, त्याची काही तक्रार नाही. पण पहिल्या वर्षीचा एक सोमवार आठवतो. भाजीवाल्याला “मेथी कशी दिली?” म्हणायला गेले आणि आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, शुक्रवार संध्याकाळपासून मी तोंडच उघडलं नव्हतं. फोनवरसुद्धा नाही, मुलगा त्या वेळी प्रवासात होता.

सगळे सांगायचे, मन रमव, भजनाला जा. मी गेले. कोपऱ्यात बसून परत आले. तुझे बाबा परत आले तशीच. पाहुण्यासारखं गेलं की माणूस पाहुण्यासारखाच परत येतो गं.

माझं पाऊल टिकलं ते कचराळी तलावावर. तिथे आम्ही आठ-दहा बायका सकाळी फेऱ्या मारतो आणि मग बाकावर थर्मासमधला चहा घेतो. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाल्या, “उद्या साखर तुम्ही आणा, माझी संपलीय.” इतकंच. रात्री मी साखरेची पुडी बांधून दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. सकाळी पाऊस होता, गुडघा ठणकत होता, तरी गेले. मी नाही गेले तर आठ जणींचा चहा बिनसाखरेचा झाला असता! त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले.

नंतर एकदा तापाने दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी दोघी दारात हजर, स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज आणि मेतकूट घेऊन. मुलाला फोनवर सांगताना मी रडले आणि तो घाबरला, त्याला वाटलं ताप वाढला.

म्हणून म्हणते, बाबांना ‘बसायला’ पाठवू नकोस. केंद्रातल्या सेक्रेटरींना आधी तू एकटी जाऊन भेट. वडील एसटीत मेकॅनिक होते म्हणून सांग आणि त्यांच्याकडे एखादं काम माग. ज्या माणसाने चाळीस वर्षं हाताने काम केलं, त्याला नुसतं ‘रमा’ म्हणून कसं चालेल?

आणखी एक. सगळेच गट चांगले नसतात. एका मंडळात मी महिनाभर गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्हा नवरा गेलेल्या चौघींना मागच्या रांगेत बसवलं आणि वाण हळूच हातात दिलं. मी वाण तिथेच ठेवून उठले आणि पुन्हा गेले नाही. आमच्या तलावावर सगळ्या जणी सगळ्यांना कुंकू लावतात. तेव्हा बाबांना एका जागी जमलं नाही तर दुसरी जागा बघ, पण सोडू नकोस.

उत्तर – वाशी खाडी

वरचं सगळं पटलं. पण ‘काय बोलतात ते कळत नाही’ हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या वडिलांचं अगदी असंच होतं. घरी समोरासमोर बोललं की ऐकू यायचं, पण हॉलमध्ये पंखा, टीव्ही, चार जणांची एकदम बडबड सुरू झाली की सगळा गोंगाट. दोनदा चुकीचं उत्तर दिलं, लोक हसले, आणि त्यांनी जाणंच बंद केलं. आम्ही वर्षभर त्यांना एकलकोंडे झाले म्हणत राहिलो, याचं आजही वाईट वाटतं. आधी कान तपासून घ्या. मळ असेल तर दहा मिनिटांचं काम. मशीन लागलं तर पहिले काही आठवडे ‘भांडी फार वाजतात’ म्हणून काढून ठेवतील, तेव्हा धीर धरा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही धरली आहेत. आणि यातल्या पहिल्यामुळे दुसरं होतं, हे मी घरातच पाहिलंय.

उत्तर – ऐरोली

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर, सकाळी ८ ते रात्री ८. मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. आणि ७५ पूर्ण आहेत, म्हणजे राज्यात एसटीचा प्रवास फुकट. अधूनमधून देवरुखला जाऊ द्या, तिथला ओटा तुटू देऊ नका.

नेरूळची लेक

महिन्याने लिहितेय. कान तपासले, उजव्या कानात मशीन बसलं. सेक्रेटरीकाकांना भेटले. ते म्हणाले, कॅरमचं स्टँड हलतं, सहा महिने कुणी बघितलं नाही. बाबांना एवढंच सांगितलं. त्यांनी ट्रंकेतून दहा-अकराचा पाना काढला, फडक्याने पुसला, खिशात टाकला आणि मला सोबत येऊ दिलं नाही.

आता कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. खुर्च्या, पंख्याचा रेग्युलेटर, एका आजोबांची काठी, सगळं दुरुस्त झालंय. अजून गप्पा फारशा मारत नाहीत, आईचं नाव निघालं की उठून जातात. परवा दाढ काढली म्हणून घरीच होते. पावणेसहाला फोन वाजला, “तात्या का नाही आले?” बाबांनी गालावर रुमाल धरून फोन घेतला आणि म्हणाले, “उद्या येतो. किल्ली पाठवून देऊ का आत्ता?”