लाईन मॉडेल नुसता काड्यांचा गठ्ठा दिसतंय, काय करू?

बीआर्क_सांगली: फर्स्ट इयरला आहे, बेसिक डिझाईनला 20 सेंमीच्या क्यूबमध्ये फक्त लाईन वापरून थ्रीडी फॉर्म करायचाय. अगरबत्तीच्या काड्या आणि फेव्हिक्विकनं करतीये पण जेवढ्या काड्या वाढवते तेवढा पसाराच वाढतो, फॉर्म काय दिसत नाही. सर म्हणतात वळण आण पण काडी वाकवायची नाही. आता सरळ काडीला वळण कुठनं आणू??

साताराकर_आर्कि: काडी सरळच राहू दे. चार काड्यांची चौकट कर, समोरासमोरचे दोन कोपरे वर उचल, दोन खाली. मग समोरासमोरच्या दोन बाजूंवर सेंटीमीटर-सेंटीमीटरवर खुणा कर आणि पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशा काड्या टाकत जा. प्रत्येक काडी आधीच्यापेक्षा जरा तिरकी बसते आणि सगळ्या मिळून खोगिरासारखा पृष्ठभाग तयार होतो. हा हायपरबोलिक पॅराबोलॉइड, थोडक्यात हायपर. सगळ्या एका मापात कापू नकोस हां, मधल्या आखूड लागतात. फेलिक्स कँडेला या आर्किटेक्टनं मेक्सिकोत 1958 ला लोस मानांतियालेस रेस्टॉरंटचं छत याच आकारातनं केलं, काँक्रीट जेमतेम 4 सेंमी, आणि सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, सरळ फळ्या चालल्या कारण त्या वळणात सरळ रेषा बसतेच.

मिरज_मेकर: आत काड्यांऐवजी दोरा घे की. नाउम गाबो या शिल्पकारानं 1942-43 ला पारदर्शक प्लास्टिकवर नायलॉनचा धागा ताणून केलेलं काम नेटवर बघ. फक्त अगरबत्तीची चौकट ताणाला टिकायची नाही, आत ओढली जाते आणि आधीचे दोरे ढिले पडतात, बांबूची जाड काडी घे. इथं सतारीच्या तारा सहज मिळतात पण त्या वापरू नको, लई ताठ असतात.

रेषा_ताई: हायपर चांगलाच पण निम्मा वर्ग तोच करून आणणार, लिहून ठेव 😄 एखाद्या रविवारी साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर बघून ये. अष्टकोनी आहे, सुमारे 110 फूट खोल. दगड सोडून दे, कागदावर फक्त कडा रेखाट, जिना, कमान, काठ, आणि त्यातल्या कुठल्या काढून टाकल्या तरी खोली कळते ते बघ. तुझ्या मॉडेलमधल्या पण निम्म्या काड्या कमी कर आधी, पोकळी दिसल्याशिवाय फॉर्म कसा दिसेल.

बीआर्क_सांगली: थँक्यू सगळ्यांना. ताई, कमी करायला गेलं तर फेव्हिक्विकचे पांढरे डाग राहतात ओ

रेषा_ताई: फेव्हिकॉल, सुईच्या टोकानं. वेळ लागतो पण डाग दिसत नाही.