शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला बडोद्यात कायमचे काम कसे मिळवून द्यावे?

प्रश्न : दांडियाबाजारकर

माझे मावसभाऊ मारामारीच्या गुन्ह्यातील शिक्षा पूर्ण करून इथल्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून आले आहेत. आत असताना ते सुतारकाम शिकले आणि त्यांचा हात चांगला बसला आहे. आमच्या देवघरातला नवा चौरंग त्यांनीच केला, त्याच्या सांध्यांना एकही खिळा नाही. असे असूनही त्यांना सलग काम मिळत नाही. मकरपुऱ्यातील एका ठेकेदाराने कामावर घेतले, पण पोलीस पडताळणीचा विषय निघताच दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितले. सध्या ते सकाळी कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात तिथे, उभे राहतात आणि मिळेल ती मजुरी करतात. वहिनी शिवणकाम करतात, परंतु वकिलाच्या फीसाठी व्याजाने काढलेले पैसे अजून फिटलेले नाहीत. घरातील वडीलधारी मंडळी वॉचमनची नोकरी बघायला सांगतात. तो मार्ग योग्य आहे का, आणि शिक्षेबद्दल मालकाला आधीच सांगावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रावपुऱ्यातील वकील

ताई, वॉचमनच्या नोकरीमागे वेळ घालवू नका. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात रक्षकाच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी सक्तीची आहे. म्हणजे जी नोकरी सगळ्यांना सोपी वाटते, तीच यांच्यासाठी सर्वांत अवघड आहे. सुतारकामाच्या कारखान्यात किंवा फर्निचरच्या दुकानात शिक्षा झालेल्या माणसाला ठेवू नये, असा सरसकट कायदा कुठेही नाही.

त्यांच्या कारागृहातील मजुरीचा पूर्ण हिशेब मिळाला आहे का, तेही पाहा. कैद्यांच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे आणि त्यातील काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली गुजरातमधूनच गेलेल्या प्रकरणात दिला आहे.

इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत, आणि कोठडीतील माणसाला त्याचे उत्पन्न न पाहता मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. ही गोष्ट वेळेवर कळली, तर कितीतरी घरे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचतील. जे निर्दोष सुटले, त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी. ज्यांना 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, सोडले गेले, त्यांना कलम 12 नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

उत्तर : मकरपुरा जीआयडीसी

माझा छोटा कारखाना आहे आणि शिक्षा भोगून आलेली माणसे मी कामावर ठेवली आहेत. माझ्या अनुभवात माणूस कौशल्याअभावी अडत नाही, तो कागदांपाशी अडतो. आत असताना त्याचा जुना मोबाइल नंबर बंद पडून दुसऱ्याला गेलेला असतो. आधार त्याच नंबराशी जोडलेले असल्याने ओटीपी येत नाही. दोन वर्षे व्यवहार न झाल्यामुळे बँकेचे खातेही निष्क्रिय झालेले असते. मग पगार भरायचा कुठे आणि पीएफचे खाते उघडायचे कसे, या प्रश्नावर ठेकेदार हात झटकतो. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडून घ्या. बोटांचे ठसे जुळले की त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. त्यानंतर बँकेत पुन्हा केवायसी करून खाते सुरू करून घ्या.

शिक्षेविषयी मालकाला पहिल्याच भेटीत सांगावे, असे माझे ठाम मत आहे. बाहेरून कळले तर शिक्षेपेक्षा लपवाछपवीच जास्त खटकते. मात्र सांगताना सोबत जबाबदार माणूस असावा आणि बोलणे थेट मालकाशीच व्हावे. कामगारांना हे कळण्याची गरज नाही. मोठ्या कंपनीत हा निर्णय कोणी एकटा घेत नाही, म्हणून मालक स्वतः कामावर उभा असतो अशाच जागा शोधा.

उत्तर : वाघोडिया रोड

सुतारकाम हा 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांपैकी एक आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंत कर्ज मिळते. अर्ज सेवा केंद्रातून भरता येतो, पण त्यालाही आधारशी जोडलेला चालू नंबर लागतोच. अवजारांची मदत जरूर घ्यावी, कर्जाची मात्र घाई करू नये. घरात आधीच व्याजाचा बोजा असताना हातात आलेली रक्कम जुने देणे फेडण्यात जाते आणि नव्या धंद्याचे हप्ते थकतात. आधी वर्षभर कोणाकडे तरी पगारावर काम करून गिऱ्हाइके आणि लाकडाचे व्यापारी ओळखीचे करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

दांडियाबाजारकर

सर्वांची मनापासून आभारी आहे. भाऊंचा जुना नंबर खरोखरच बंद आहे आणि त्यांचे जनधन खातेही चालत नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू. मालकाला भेटायला मी स्वतः त्यांच्याबरोबर येईन आणि सगळे खरे सांगू. फर्निचरच्या कामात असलेले कोणी भेटण्यास तयार असेल, तर कृपया इथेच कळवावे. भाऊ नमुन्यादाखल चौरंग घेऊन येतील.