मदत हवी आहे: दुसरीच्या मुलांना 'पूर्वीचं गाव' कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. गाव कसं बदललं ते मुलांना समजावायचंय, पण त्यांच्या लेखी आजी, शिवाजी महाराज आणि डायनासोर एकाच काळातले!

एक युक्ती जमली. एका आजीचा शाळेचा दाखला मिळाला, त्यावर जिल्हा रत्नागिरी. नातवाच्या दाखल्यावर सिंधुदुर्ग. घर मात्र तेच. एकाने विचारलं, "आजयेन घर उचलून हाडल्यान काय?" मग १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला, हे सांगणं सोपं गेलं.

अडलंय ते प्रवासाशी. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, ती मुलांना ठाऊक आहे. पण त्याआधी मुंबईची बोट विजयदुर्गाला लागायची, पडावातून (म्हणजे होडीतून) माणसं किनाऱ्यावर यायची, हे कसं दाखवू? आजोबांना वर्गात बोलावलं तर ते तासभर रंगले आणि मुलं पेंगली.

मुलांनी आजोबांना विचारावेत असे चार-पाच छोटे प्रश्न सुचवाल का? आणि कुणाच्या ट्रंकेत बोटीचं तिकीट किंवा बंदराचा जुना फोटो असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा. वर्गात सुंभ बांधलाय, दर दहा वर्षांना एक गाठ. त्यावर चिमट्याने लावीन.