मदत हवी आहे : डाव्या कानाचे अक्षर वाटेत अडते, की लक्ष कमी पडते?

सर्वांना नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि सगळी कामे उजव्या हाताने करतात (हा तपशील पुढे उपयोगी पडेल). संध्याकाळी ते तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलेले असताना डावीकडे एक मित्र आणि उजवीकडे दुसरा एकाच वेळी बोलू लागला, की डावीकडचे बोलणे त्यांना, त्यांच्याच शब्दांत, 'ऐकू येते पण लागत नाही'. ते 'हो, हो' म्हणतात आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचे देतात. ऑडिओग्राम (श्रवणक्षमतेचा आलेख) मात्र दोन्ही कानांचा सारखा आहे आणि वयाच्या मानाने चांगला आहे.

वाशीच्या एका श्रवणतज्ज्ञांनी त्यांची आणखी एक चाचणी घेतली. हेडफोनमधून एका कानात 'बा' आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या कानात 'गा', अशा जोड्या ऐकवायच्या आणि ऐकणाऱ्याने एकच अक्षर सांगायचे. बा, दा, गा, पा, ता, का या सहा अक्षरांच्या अशा ३० जोड्या होतात. काहीही सूचना नसताना बाबांनी उजव्या कानाची १७ आणि डाव्या कानाची ८ अक्षरे बरोबर सांगितली. 'आता फक्त डाव्या कानाकडे लक्ष द्या' असे सांगितल्यावरही उजवी १५ आणि डावी ९ इतकाच फरक पडला. गंमत म्हणून मीही हेडफोन लावला. सूचनेविना माझी उजवी १६ आणि डावी १० आली, पण डावीकडे लक्ष दिल्यावर डावी १७ आणि उजवी ८ झाली.

आता माझा घोळ सांगतो. प्रत्येक कानाचे तंतू मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडे जातात. तथापि विरुद्ध बाजूचा मार्ग अधिक बळकट असतो आणि दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे ध्वनी आले की कानाच्याच बाजूच्या गोलार्धाकडे जाणारा मार्ग दबतो, असे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये दिले होते. बहुतेकांची, विशेषतः बाबांसारख्या उजव्या हाताने काम करणाऱ्यांची, भाषा डाव्या गोलार्धात असल्यामुळे उजव्या कानाचे अक्षर थेट मुक्कामी पोहोचते, तर डाव्या कानाचे अक्षर आधी उजव्या गोलार्धात उतरते आणि तेथून कॉर्पस कॅलोसम या सुमारे २० कोटी तंतूंच्या सेतूवरून डावीकडे येते. अपस्मारावरील उपचार म्हणून हा सेतू कापलेल्या रुग्णांची १९६८ मध्ये अशीच तपासणी झाली, तेव्हा एकटा डावा कान नीट ऐकत होता, पण दोन्ही कानांत एकदम शब्द आले की डाव्या कानाचे शब्द जवळजवळ नाहीसेच होत होते. ती तपासणी करणाऱ्यांपैकी रॉजर स्पेरी यांना पुढे १९८१ चे नोबेल मिळाले.

हे सारे मला पटते. परंतु माझा सेतू दहा मिनिटांत रुंद झालेला नाही, मग माझ्या १० चे १७ कशाने झाले? आणि बाबांचे तसे का झाले नाही? त्यांचा सेतू झिजला आहे, की लक्ष वळवण्याची ताकद उणावली आहे? या दोन शक्यता वेगळ्या काढता येतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न नेमका आहे. सेतू म्हणजे केवळ तार नव्हे; त्यावरून आलेल्या संदेशाला पलीकडे किती मान मिळावा, हे लक्षावर अवलंबून असते. एका बाजूला लक्ष दिले की दुर्लक्षित बाजूचा ध्वनी हाताळणाऱ्या गोलार्धात सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या 'अल्फा' या विद्युत लहरी तुलनेने वाढतात, आणि ही वाढ त्या बाजूचे काम दाबले जाण्याची खूण मानली जाते. म्हणजे आपण डावीकडे लक्ष दिलेत, तेव्हा डाव्या कानाचे अक्षर मोठे होण्याबरोबरच उजव्याची अरेरावीही कमी झाली असावी.

नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातील केनेथ ह्यूगडाल यांच्या गटाने याच अक्षरांवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या मते उजवीकडे लक्ष देणे म्हणजे उताराने चालणे, तर डावीकडे लक्ष देणे म्हणजे आपोआप तोंडावर येणारे अक्षर रोखून धरणे. हे रोखण्याचे काम कपाळामागील भागांकडे असते आणि उतारवयात बहुधा तेच अवघड जाते. आपल्या वडिलांचे आकडे त्या चित्राशी जुळतात, पण तेवढ्यावरून सेतूला निर्दोष ठरवणे मला घाईचे वाटते.

श्रवणतज्ज्ञांना विचारा, की उजव्या कानातील आवाज टप्प्याटप्प्याने कमी करून तीच चाचणी पुन्हा घेता येईल का. तेव्हा डाव्या कानाची अक्षरे भराभर वाढली, तर वाट मोकळी आहे आणि स्पर्धा आवरण्यात अडचण आहे, असे मानायला आधार मिळेल. उजवा कान जवळपास गप्प केल्यावरच डावा बोलू लागला, तर संशय सेतूकडे वळेल. मग मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत कट्ट्यावर बाबांना डाव्या टोकाला बसवा, म्हणजे सगळेच त्यांच्या उजव्या हाताला येतील.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. शनिवारची वेळ घेतली आहे, आकडे येथेच लिहीन. डाव्या टोकाची जागा मात्र गेली कित्येक वर्षे एका काकांची आहे. ती सोडवणे चाचणीपेक्षा कठीण जाणार.