आईच्या आजारपणात सलग ७ महिने भारतात राहिले, आता सिटिझनशिपचा अर्ज भरू की थांबू?

कराडची_लेक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत असतो, नवरा, मी आणि ११ वर्षांचा मुलगा. तिघांचंही ग्रीन कार्ड १४ जून २०२० चं, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जाला लागणारी ५ वर्षं जून २०२५ मध्ये होतायत. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आई कराडला न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबा नाहीत, मला भावंडं नाहीत. ३ आठवड्यांचं तिकीट काढून २ ऑक्टोबरला निघाले. ऑपरेशन झालं, मग जखमेत इन्फेक्शन, मग दुसरं ऑपरेशन, मग वॉकर, परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकललं आणि शेवटी १२ मे २०२४ ला परत आले. म्हणजे ७ महिने १० दिवस. बाकीच्या तीन ट्रिपा ४-५ आठवड्यांच्या आहेत.

आता कोणी म्हणतं ६ महिन्यांच्या वर गेलीस म्हणजे ५ वर्षं पहिल्यापासून मोजायची, कोणी म्हणतं काही होत नाही बिनधास्त भर. नवऱ्याच्या सगळ्या ट्रिपा छोट्या आहेत, त्याने माझ्यासाठी थांबायचं का? मुलाचं काय? हॉस्पिटलची सगळी फाईल जपून ठेवलीय, डिस्चार्ज कार्डापासून फिजिओच्या पावत्यांपर्यंत, ती पुरेल का? खरंच झोप लागत नाही ह्या विचाराने.

जुना_प्रवासी
ताई, आधी आई कशी आहेत ते सांगा.

आता मुद्द्याचं. इथे दोन वेगवेगळे हिशोब असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात म्हणून तुम्हाला दोन टोकाचे सल्ले मिळतायत. पहिला हिशोब एकूण दिवसांचा: ५ वर्षांतले निम्मे, म्हणजे ३० महिने, तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. निघालात तो दिवस आणि परत आलात तो दिवस हे दोन्ही अमेरिकेतले धरतात. तुमची मोठी ट्रिप त्यामुळे २२२ दिवसांची होते, बाकीच्या तीन मिळून शंभरच्या आसपास, इथे तुम्हाला काहीच धोका नाही.

दुसरा हिशोब सलग वास्तव्याचा, आणि तो प्रत्येक ट्रिपला सुटा लागतो. एखादी ट्रिप ६ महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर कायदा धरून चालतो की तुमचं वास्तव्य तुटलं. पण हे फक्त गृहीत आहे, ते खोडून काढायची संधी तुम्हाला असते. पूर्ण वर्ष किंवा जास्त झालं की मात्र ती संधी जाते, तिथे वास्तव्य तुटलंच. तुम्ही पहिल्या गटात आहात, दुसऱ्या नाही, हा फरक फार मोठा आहे.

आणि हॉस्पिटलच्या फाईलबद्दल, वाईट वाटून घेऊ नका, पण ती फाईल दुय्यम आहे. तुम्ही का गेलात हे त्यातून कळतं, पण ऑफिसरला बघायचं असतं की तुमचं घर-संसार त्या काळात कुठे होता. नोकरी सोडली होती का, तिकडे नोकरी धरली का, नवरा-मुलं कुठे होती, इथलं घर तुमच्यासाठी उघडं होतं की भाड्याने देऊन गेलात. ह्या चार गोष्टींची उत्तरं द्या, मग मी पुढचं सांगतो.

कराडची_लेक
आई आता काठी घेऊन अंगणात फिरते, तुळशीला पाणी घालते, विचारलंत म्हणून खूप बरं वाटलं.

नोकरी सोडली नव्हती. पहिले १२ आठवडे एफएमएलएची (घरच्यांच्या आजारपणासाठी कायद्याने मिळते ती) रजा होती, पुढची बिनपगारी, मॅनेजरची ईमेल आहे. तिकडे काही काम केलं नाही, वेळच नव्हता हो. नवरा आणि मुलगा इथेच होते, मुलाची शाळा चालू होती. घर भाड्याचंच आहे पण लीजवर दोघांची नावं आहेत आणि भाडं जॉइंट खात्यातून जात होतं. टॅक्स दोघांनी मिळून भरलाय दरवर्षी, रेसिडेंट म्हणूनच.

परत येताना एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं होतं इतके दिवस का, मी सांगितलं आई आजारी होती, त्याने दोन मिनिटं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सोडलं.

शेवंती
अगं भर अर्ज! माझी अगदी हीच गोष्ट, सासूबाईंच्या केमोसाठी साडेसहा महिने साताऱ्यात होते. इंटरव्ह्यूला ऑफिसर बाईंनी ट्रिपांचा तक्ता काढला आणि पेनाचं टोक बरोबर त्याच ओळीवर टेकवलं, माझ्या हाताला घाम. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं तर त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुमचे मिस्टर तेव्हा कुठे राहत होते? मग मी लीज, मुलीच्या शाळेची हजेरी, त्या काळातली विजेची बिलं, आयआरएसचे (तिथलं टॅक्स खातं) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट असं एकेक काढत गेले. कंपनीचं पत्र होतं की रजेवर होती, नोकरी कायम होती. दहा मिनिटांत तो विषय संपला आणि मग सिव्हिक्सचे, म्हणजे अमेरिकेच्या इतिहास-राज्यकारभारावरचे, प्रश्न. त्याच दिवशी पास झाले.

एक कळकळीने सांगते, ट्रिप कमी करून लिहू नकोस. आमच्या ओळखीत एकांनी एक ट्रिप 'विसरून' गाळली, आणि सगळ्या नोंदी त्यांच्याकडे असतातच. सात महिन्यांचं उत्तर देता येतं गं, खोटं लिहिलंय असं दिसलं तर त्याला उत्तर नसतं.

नाशिकचा_पाऊस
माझ्या चुकीतून कोणीतरी वाचावं म्हणून लिहितोय. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा एका एजंटने सांगितलं की री-एंट्री परमिट काढा, दोन वर्षं बाहेर राहिलात तरी सगळं सेफ. काढलं, १४ महिने राहिलो, ऑगस्ट २०२१ ला परत आलो. परमिटमुळे ग्रीन कार्ड वाचलं हे खरं, पण सिटिझनशिपच्या घड्याळाशी त्या परमिटचा काही संबंध नाही हे मला कोणी सांगितलंच नाही. परत आल्यापासून ४ वर्षं आणि १ दिवस थांबा असं वकिलांनी सांगितलं. त्यातही मागच्या ५ वर्षांच्या खिडकीत त्या ट्रिपचे जवळजवळ १२ महिने येतातच, त्यामुळे ते गृहीत खोडून काढायचं काम राहतंच. ते नको असेल तर ४ वर्षं ६ महिने आणि १ दिवस.

कंपनीने बाहेर पाठवलं असेल तर एन-४७० नावाचा वेगळा फॉर्म आहे पण तो ठराविक नोकऱ्यांनाच लागू होतो, आईवडिलांच्या आजारपणाला नाही. वडिलांची सेवा केली ह्याचं दुःख नाही, त्यांच्याजवळ होतो हे माझं भाग्य, पण १२ व्या महिन्याच्या आत एकदा येऊन गेलो असतो तर, हे मनातून जात नाही.

जुना_प्रवासी
नाशिककर, काळजी घ्या. तुमचं पोस्ट लोकांनी नीट वाचावं.

कराडच्या ताई, तुमच्या चारही उत्तरांवर माझं मत, भरा. थांबायचं ठरवलंत तर तुमचा हिशोबही तसाच, १२ मे २०२४ पासून ४ वर्षं ६ महिने आणि १ दिवस, म्हणजे नोव्हेंबर २०२८. एवढं थांबण्यासारखं तुमच्या केसमध्ये मला काही दिसत नाही. समजा नकार आलाच तर ऑनलाइनची ७१० डॉलर फी जाते आणि ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. निव्वळ ह्या कारणाच्या नकाराने ग्रीन कार्ड जात नाही. फक्त एवढं आहे की अर्ज केला की सगळी फाईल उघडते, त्यामुळे दुसरं काही असेल, कोर्ट-पोलीस, टॅक्स नॉन-रेसिडेंट म्हणून भरलेला, तर आधी वकील गाठा.

नवऱ्याने अजिबात थांबू नये, आणि ह्यातच मुलाचं उत्तर आहे. मुलगा १८ च्या आत आहे, ग्रीन कार्ड आहे, तुमच्याजवळच राहतो, म्हणजे आईवडिलांपैकी एकजण जरी सिटिझन झाला की तो कायद्याने आपोआप होतो, त्याचा वेगळा एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) नसतो. मुलाची काळजी डोक्यातून काढून टाका.

मिसिसागाकर
कॅनडात हे सलग-बिलग प्रकरण नाही, मागच्या ५ वर्षांत १०९५ दिवस भरले पाहिजेत, मग ते तुकड्या-तुकड्यांत का असेनात. पीआर (कायम रहिवासी) व्हायच्या आधीचा दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. सल्ला देणाऱ्या नातेवाईकाला आधी विचारा तो कुठल्या देशाचं सांगतोय :)

टेम्सकाठ
+१. यूकेत ५ वर्षांत ४५० दिवस आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस बाहेर चालतात, शिवाय अर्जाच्या बरोबर ५ वर्षं आधीच्या दिवशी तुम्ही देशात असायला हवं. आमच्याकडचे नियम ऐकून न्यू जर्सीत अर्ज भरू नका.

नवा_पाहुणा
मग दर ५ महिन्यांनी आठवडाभर अमेरिकेत येऊन परत जायचं, असं केलं तर? माझ्या मित्राचा तोच प्लॅन आहे.

जुना_प्रवासी
नका करू. तसं केलं तर ३० महिने तर भरणारच नाहीत, आणि ६ महिन्यांच्या आतल्या ट्रिपा सारख्या-सारख्या दिसल्या तरी ऑफिसर विचारू शकतो की तुम्ही नक्की राहता कुठे. ग्रीन कार्डवरच प्रश्न येतो मग.

कराडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

काल बसून तारखा लावल्या तर एक गडबड सापडली. मी फॉर्मच्या ट्रिपांच्या यादीत पासपोर्टवरच्या मुंबईच्या शिक्क्याची तारीख धरत होते, ३ ऑक्टोबर, पण विमान नेवार्कहून २ तारखेला संध्याकाळी सुटलं होतं आणि फॉर्मला अमेरिका सोडल्याची तारीख हवी असते. एक शिक्का तर इतका पुसट होता की एअरलाइनच्या जुन्या ईमेल उकरून तारीख काढली. कोणी भरत असाल तर तिकिटांच्या ईमेल डिलीट करू नका.

शेवटचा प्रश्न, ५ वर्षांच्या ९० दिवस आधी भरता येतं म्हणे, म्हणजे १६ मार्च. भरल्यावर गणपतीत आईकडे ३ आठवडे जाऊन आले तर चालेल का?

शेवंती
चालतं, मी दिवाळीला गेले होते. बायोमेट्रिक्स आणि इंटरव्ह्यूची तारीख मात्र चुकवू नकोस, रोज अकाउंट बघत जा, आणि हीसुद्धा ट्रिप इंटरव्ह्यूला सांगायची. शपथ होईपर्यंत वास्तव्य मोजतात, त्यामुळे तीन आठवड्यांचं तिकीट काढलंस तर तीन आठवड्यांतच परत ये.

जुना_प्रवासी
बरोबर. आणि ताई, ह्यावेळी जाताना शेजारच्या कोणाला तरी आईंकडे रात्री झोपायला येण्याचं आधीच ठरवून ठेवा, पैसे देऊन का होईना. मागच्यासारखं तिकीट पुढे ढकलायची वेळ आली तर मनाची तयारी तरी असेल.

कराडची_लेक
केलंय ते. समोरच्या काकू येतात रात्री, आणि न्हाणीत धरायला दांडे बसवून घेतलेत. १६ तारखेला भरते आणि इथे कळवते.